तांबडा शिलेदार मेडशीला जातो

हरीओम अवचारांनी त्या संध्याकाळी मोबाईलवर ‘आमच्याही जिल्ह्यात आहेत’ एवढंच लिहिलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण लिहिलं. मालेगावच्या पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक असलेल्या माणसाला दिवसभर ‘सविनय सादर’ आणि ‘मान्यतेस्तव’ याखेरीज काही लिहायला मिळत नाही, त्यामुळे घरी आल्यावर त्याचा अंगठा जरा मोकाट सुटतो. (हे मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. नाशकाकडच्या मालेगावाशी त्याचा काही संबंध नाही, ही गोष्ट हरीओमना परगावच्या माणसाला दर वेळी सांगावी लागते, म्हणून इथेच सांगून टाकलेली बरी.)

प्रकार असा होता. ‘चित्रकथा कट्टा’ नावाचा मोबाईलवर एक गट आहे. पुणे, नागपूर, कोल्हापूर, कुठकुठची माणसं त्यात आहेत. सगळी पोक्त. कुणी बँकेत, कुणी दवाखान्यात, बहुतेकांना रक्तदाबाची गोळी चालू. पण अमुक कॉमिकमधल्या राक्षसाची दाढी कोणत्या अंकापासून हिरवी झाली यावर हीच माणसं आठवडा आठवडा एकमेकांशी अबोला धरतात. या कट्ट्याच्या चालक पुण्याच्या योगिनीताई. त्यांनी त्या दिवशी लिहिलं की ज्यांच्या चित्रांवर आपण वाढलो ते चित्रकार कुठे आहेत, कसे आहेत, हे आपल्याला माहीतसुद्धा नाही. तेव्हा प्रत्येकानं आपल्या जिल्ह्यातला एक तरी शोधून त्याचा सत्कार करावा. पुणेकरांनी लगेच सात-आठ नावं टाकली. कोल्हापूरकरांनी त्याहून जास्त टाकली. वाशीमचा विषय कुणी काढलाच नाही. तिथे हरीओमचा अंगठा सुटला.

खोटं मात्र त्यांनी लिहिलं नव्हतं. ‘तांबडा शिलेदार’ हे कॉमिक अकोल्याच्या एका छोट्या प्रकाशनानं एके काळी काढलं होतं. लाल अंगरखा, डोळ्यांवर काळी पट्टी, फेट्याला तुरा, पाठीवर पिवळा शेला आणि हातात तलवार. अकरा अंक निघाले आणि प्रकाशन बसलं. हरीओम सहावीत असताना आसेगावात कावीळ होऊन खाटेवर पडले, तेव्हा हे अकरा अंक त्यांच्या उशाशी होते. त्या दिवसांत आपल्याला घरच्यांनी जगवलं की शिलेदारानं, हे त्यांना अजून नक्की सांगता येत नाही. प्रत्येक अंकाच्या आत बारीक अक्षरात ‘चित्रे : शिखर’ एवढंच असे. हा शिखर म्हणजे मेडशीचे किराणा दुकानदार शिखरचंदजी, असं कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्या छापखानेवाल्यानं नुकतंच सांगितलं होतं.

मेडशी म्हणजे मालेगावहून अकोल्याच्या वाटेवरचं गाव. हरीओम त्या दुकानावरून कितीदा तरी गेले होते. एकदा तिथून पोहेही घेतले होते. शिलेदाराच्या जन्मदात्याकडून पोहे घेऊन वर ‘जाड निघाले’ म्हणून आपण तक्रार केली, हे आठवून त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्यांची कल्पना अशी होती की एखाद्या रविवारी मेडशीला जावं, शाल द्यावी, फोटो काढून कट्ट्यावर टाकावा, झालं. पण योगिनीताईंनी लिहिलं, ‘‘अहो काय सांगता! आम्ही चौघं येतो गाडी करून. याच्या पुढच्या रविवारी.’’ आणि खाली शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या. आता माघार म्हणजे वाशीम जिल्ह्याची नाचक्की.

हरीओमच्या भिंतीला भिंत लागून धनराजभाऊ राहतात. एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. स्वतःच्या निरोप समारंभाचा अनुभव पाठीशी असल्यामुळे सत्कार या विषयात त्यांचा शब्द अखेरचा असतो.

‘‘शेठजीले विचारलं काय तुमी?’’ धनराजभाऊंनी विचारलं.

‘‘नाही अजून. उद्या जाऊन विचारीन म्हणतो.’’

‘‘बिलकुल विचारू नका! सत्कारमूर्तीले विचारलं का थो नाई म्हनते. थे रीतच हाये. पैले फ्लेक्स लावा. फ्लेक्स लागला का मानूस आपोआप तयार होते.’’

हे हरीओमना पटलं. का पटलं, असं नंतर त्यांच्या पत्नी साधनावहिनींनी त्यांना बरेचदा विचारलं. फ्लेक्स तयार झाला. त्यावर ‘ज्येष्ठ चित्रकथाकार मा. शिखरचंदजी यांचा भव्य सत्कार’ हे शब्द होते. शिखरचंदजींचा फोटो मिळाला नव्हता, पण फ्लेक्स मोकळा सोडता येत नाही. म्हणून शुभेच्छुक या नात्यानं धनराजभाऊंचा हात जोडलेला फोटो आला, मग हरीओमचा आला, मग फ्लेक्सवाल्यानं स्वतःच्या मनानं दोन सरपंच आणि स्वतःचा मेहुणा टाकला. असा तो फ्लेक्स बुधवारी मेडशीच्या फाट्यावर चढला.

पुढची पायरी सभागृहाची. हरीओम रजा टाकून मेडशीच्या ग्रामपंचायतीत गेले. तिथल्या बाबूनं अर्जाचा कागद पुढे केला आणि विचारलं, ‘‘जयंती का पुन्यतिथी?’’

‘‘दोन्ही नाही. सत्कार आहे.’’

‘‘राजकीय?’’

‘‘नाही हो. कॉमिकचे चित्रकार आहेत.’’

‘‘मंग जयंतीत टाकू?’’

‘‘अहो, पण माणूस जिवंत आहे!’’

बाबू विचारात पडला. सभागृह लग्न, तेरवी, जयंती, पुण्यतिथी आणि शासकीय शिबिरं यांनाच देता येत होतं. जिवंत माणसानं चित्रं काढली, या कारणासाठी ते आजवर कुणी मागितलं नव्हतं. ‘‘वरून मार्गदर्शन मागवा लागीन,’’ तो म्हणाला, ‘‘पंचायत समितीतून.’’ म्हणजे तो कागद मालेगावला हरीओमच्याच टेबलावर येणार होता. स्वतःच्या टेबलावर कागद किती दिवस पडून राहतो हे हरीओमइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी मुकाट्यानं ‘शासकीय शिबिर’ यावर खूण केली. विषयाच्या जागी ‘चित्रकथा जनजागृती’ असं लिहिलं.

मग ते शिखरचंदजींच्या दुकानात गेले. बाजाराच्या गल्लीत लाकडी फळ्यांचं जुनं दुकान. गादीवर पासष्टीचे, पांढऱ्या सदऱ्यातले, बारीक अंगाचे शिखरचंदजी शेंगदाणे जोखत बसले होते. बाजूला मुलगा पुनीत हिशेबाला. हरीओमनी नमस्कार करून नाव सांगितलं मात्र, शेठजींनी मान वर केली.

‘‘फाट्यावर तुमीच लावला काय थो फ्लेक्स?’’

‘‘हो जी,’’ हरीओम अभिमानानं म्हणाले.

‘‘सकाळपासून अख्खं गाव येऊन पुसून राह्यलं का शेठजी, कायच्यात उभे हायत? जिल्हा परिषदेत का पंचायत समितीत? दोन जनं तं कार्यकर्ते म्हनून बसले बी, चहा घेऊन गेले. मी आयुष्यात सोसायटीच्या निवडणुकीत बी उभा नाई राह्यलो, भाऊ!’’

फ्लेक्सवरचा मजकूर वाचायची आपल्याकडे पद्धत नाही. हात जोडलेले फोटो दिसले की माणूस उभा आहे, एवढं लोक समजून घेतात. हरीओमनी घाईघाईनं पिशवीतून चौथा अंक काढला आणि गादीवर ठेवला. मुखपृष्ठावर तांबडा शिलेदार जळत्या गंजीतून घोडा उडवत होता.

शेठजींचा जोखणारा हात थांबला. तागडी वर राहिली, शेंगदाणे पाटीत राहिले. ते त्या चित्राकडे पाहत राहिले, आणि पुनीत त्यांच्याकडे पाहायला लागला तसे भानावर आले.

‘‘हे आमी नाई,’’ ते म्हणाले. ‘‘दुसरे कोनी शिखर असतीन. आमी दाळ-तांदूळ विकनारे लोक. चित्र-बित्र आमच्या घरान्यात कोनी काढलं नाई. फ्लेक्स उतरवा थो.’’

एसटीत बसल्यावर हरीओमना पहिल्यांदा खरं वाईट वाटलं. फ्लेक्सचं नाही, कट्ट्याचंही नाही. त्या माणसानं चित्राकडे पाहिलं होतं ते आपलंच पोरगं गर्दीत दिसावं आणि हाक मारता येऊ नये तसं. तो शिखर हाच होता, याबद्दल आता त्यांना शंका नव्हती. आणि रविवारी पुण्याहून चार माणसं येणार, तेव्हा हा माणूस त्यांच्यासमोर ‘मी तो नाही’ म्हणणार. ज्यानं शिलेदार घडवला त्यानंच शिलेदार नाकारायचा, हे हरीओमच्यानं पाहवणार नव्हतं.

योगिनीताईंना त्यांनी फोन करून अडचण सांगितली, तर त्यांच्याकडे उपाय तयार. ‘‘अहो, आपल्या मेळाव्यात काय करतो आपण? निर्मात्याला आमंत्रण द्यायला त्याचा नायक जातो. वेश करून. कोल्हापूरच्या एका आजोबांना असंच झालं होतं. दारात आपलं चित्र जिवंत उभं राहिलेलं पाहून ते ढसाढसा रडले. तुम्ही शिलेदार बनून जा.’’

पंचेचाळिशीच्या, पोट सुटलेल्या, शासकीय सेवेतल्या माणसानं शिलेदार बनून जावं! हरीओमनी दोन दिवस नाही म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी साधनावहिनींना विचारलं, लाल रंगाचं काही कापड घरात आहे का.

अंगरखा जुन्या पडद्याचा झाला. चुडीदार वहिनींचाच. ‘‘तानू नका, उसवीन,’’ एवढंच त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. पिवळा शेला हळदीच्या कार्यक्रमात आलेल्या लुगड्याचा. तलवार धनराजभाऊंच्या नातवाच्या गणपतीच्या आराशीतली, पुठ्ठ्याची. शनिवारी सकाळी धनराजभाऊंनी समोर उभं राहून, एसटीच्या माणसाच्या शिस्तीनं, हरीओमच्या डोक्याला फेटा बांधला आणि त्यात तुरा खोचला.

‘‘कसा दिसतो?’’ हरीओमनी विचारलं.

‘‘खरं सांगू का खोटं?’’ साधनावहिनी म्हणाल्या.

‘‘तू काहीच सांगू नको.’’

मोटारसायकलवर जायचं ठरलं होतं, पण शेला चाकात गेला तर शिलेदाराचं शिबिर दवाखान्यात भरेल, असं वहिनींचं म्हणणं पडलं. म्हणून एसटी. कंडक्टरनं त्यांना वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाला, ‘‘सोंगाले सवलत नाई, भाऊ. पुरं तिकीट लागते.’’ हरीओमनी मान ताठ ठेवून पूर्ण तिकीट घेतलं आणि ओळखीचं कुणी चढू नये म्हणून काळी पट्टी भुवयांपासून नाकापर्यंत ओढून घेतली.

मेडशीच्या फाट्यावर उतरले तेव्हा सोयाबीन घरात येऊन पडलं होतं, शेतात तूर उभी होती, आणि गावाला बराच वेळ मोकळा होता. हरीओम बाजाराच्या गल्लीकडे निघाले. पहिल्याच घराच्या ओट्यावर रंगूबाई नावाच्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांनी हाक मारली, ‘‘ये रे बाप्पा, इकडून ये! कोन बनून आला यंदा?’’

सुगी झाली की आपल्या गावांत बहुरूपी येतात. कुणी पोलीस बनून, कुणी साधू बनून दारोदार जातात, दोन घटका हसवतात, आणि बाया सुपातून धान्य घालतात. फेटा, तुरा, पट्टी, पुठ्ठ्याची तलवार घेऊन सुगीच्या दिवसांत पायी आलेला माणूस दुसरा कोण असणार?

‘‘आजी, मी बहुरूपी नाही,’’ हरीओम म्हणाले. ‘‘मी पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक आहे.’’

रंगूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ‘‘आयकलं काय वं! सायेब हाये म्हने थो!’’ त्यांनी आत हाक मारली. सून सूप घेऊन आली. सुपात सोयाबीन. झोळी दिसेना तेव्हा तिनं हरीओमचा पिवळा शेलाच पसरला आणि त्यात सूप रिकामं केलं. हरीओम ‘नको, नको’ म्हणाले, ते तिनं ऐकलं नाही. कोणता बहुरूपी पहिल्या सुपाला हो म्हणतो?

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी कुणी दोन मुठी ज्वारी घातली आणि ‘गोष्ट सांग’ म्हणून अडवून धरलं. गोष्ट सांगितल्याशिवाय सोडेनात, म्हणून हरीओमनी अंग चोरत तिसऱ्या अंकातली विहिरीची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि काय झालं कोण जाणे, सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, पुठ्ठ्याची तलवार बाहेर आली, आणि शिलेदार विहिरीच्या भिंतीला पाय देऊन वर चढतो तिथे तर ओट्यावरच्या बाया गप्प झाल्या. खाटेवर पडल्या पडल्या ही गोष्ट त्यांनी स्वतःला शंभर वेळा सांगितली होती. ओट्यावर उभं राहून दुसऱ्याला सांगायची ही पहिलीच वेळ. शेला जड झाला होता, पण ते क्षणभर विसरले.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. वळून पाहतात तर खाकी गणवेशातले फौजदार. हातात काठी, छातीवर बिल्ला, मिशा वर वळवलेल्या.

‘‘कोनाच्या परवानगीनं?’’ फौजदारांनी दरडावलं.

शासकीय कर्मचारी, वेश पालटून, लोकांचं धान्य गोळा करताना! निलंबनाच्या आदेशाचा मसुदा कसा असतो हे त्यांना तोंडपाठ होतं. दोन त्यांनी स्वतः टाईप केले होते. एका हातानं शेला सांभाळत त्यांनी चुडीदारात खोचलेलं ओळखपत्र काढलं. ‘‘साहेब, मी पंचायत समिती मालेगाव… हे पाहा… हा सगळा गैरसमज आहे…’’

फौजदारांनी ओळखपत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. ‘‘क्या बात हाये! शिक्का बी हाये! कोनाकडून बनवून घेतलं, दोस्त? माह्या वॉरंटाले एक असा शिक्का पायजे व्हता.’’

ओट्यावरच्या बाया पोट धरून हसल्या. फौजदार म्हणजे जगदेव, खरा बहुरूपी. आजोबांपासून मेडशीची सुगी त्याच्याच घराकडे होती. रस्त्याच्या कडेला बसून हरीओमनी त्याला खरी हकीकत सांगितली तेव्हा कुठे त्याला ते पटलं, आणि पटल्यावर त्याला हरीओमची दया आली.

‘‘तुमची चूक नाई, सायेब,’’ जगदेव म्हणाला. ‘‘पन शेल्यात धान्य घेतलं का शेला लोंबते. सोंग पडते. आना इकडं.’’ त्यानं सगळं धान्य आपल्या झोळीत रिकामं करून घेतलं, शेला झटकून हरीओमच्या पाठीवर नीट बांधून दिला आणि म्हणाला, ‘‘चाला. शेठजीच्या दुकानी मी बी येतो. माह्या मागायच्या वारीची वेळ झालीच हाये.’’

तर अशी वरात निघाली. पुढे तांबडा शिलेदार, मागे फौजदार, त्यांच्यामागे रंगूबाई आणि निम्मं गाव. शेठजींच्या दुकानासमोर सगळे थांबले. अंगुरीबाई, म्हणजे शेठजींच्या मंडळी, सवयीनं वाटीभर तूरडाळ घेऊन पायरीवर आल्या. हरीओमनी घसा साफ केला. भाषण पाठ केलं होतं, ‘हे निर्मात्या, तुझा शिलेदार तुझ्या दारी आला आहे,’ अशी त्याची सुरुवात होती.

‘‘हे निर्मात्या,’’ हरीओम म्हणाले.

शेठजी गादीवरून उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. कोल्हापूरच्या आजोबांसारखे आता हे रडणार, असं हरीओमना वाटलं. शेठजी पायऱ्या उतरून सरळ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि ओरडले, ‘‘हे कोनं बांधलं?’’

‘‘अं?’’

‘‘तुरा! तुरा उजवीकडं कायले? शिलेदार तलवार कोन्या हातानं चालवते? उजव्या! हात वर गेला का तुरा मधात येईन का नाई? म्हनून थो डावीकडं असते! अकरा अंकांत एक बार बी उजवीकडं नाई काढला म्या, आन तुमी इथं भर बजारात…’’

ते थांबले. धनराजभाऊंनी समोर उभं राहून तुरा आपल्या डावीकडे खोचला होता, आणि तो हरीओमच्या उजवीकडे गेला होता. पण ते राहू द्या.

‘‘पप्पा,’’ पुनीत गल्ल्यावरून म्हणाला, ‘‘काढला म्हनजे? कोनं काढला?’’

शेठजी परत पायरीकडे वळले. ‘‘काही नाई. ग्राहक पाहा तू.’’

‘‘आता सांगून टाका,’’ अंगुरीबाई म्हणाल्या. वाटी तशीच हातात. मग त्यांनी स्वतःच मुलाला सांगितलं, हळू आवाजात, पण गल्ली ऐकायलाच उभी होती. ‘‘अकोल्याले कॉलेजात शिकाले पाठवलं व्हतं याईले. हे चित्र काढत बसले आन बी.कॉम. नापास झाले. तुह्या दादाजीनं ओढून घरी आनलं. आमची सोयरीक झाली तवा बोलीत ठरलं का मुलगा दुकान सांभाळीन, आन चित्राचं नाव घरात निघनार नाई. दादाजीले जाऊन एक जमाना झाला. आता थे बोली कोनासंग पाळून राह्यले तुमी?’’

शेठजींनी पायरीवर टाकलेला पाय खाली घेतला.

‘‘आन मले तं कोनी इचारलंच नाई,’’ अंगुरीबाई म्हणाल्या. ‘‘लग्नाच्या आधी मामाच्या घरी म्या तिसरा अंक वाचला व्हता. मामानं सांगतलं, हे चित्र काढनाराचंच स्थळ आलं. म्हनून तं म्या हो म्हतलं व्हतं.’’

चाळीस वर्षांचा संसार झालेला माणूस आपल्या बायकोकडे असा पाहतो, हे मेडशीच्या गल्लीनं आधी पाहिलं नव्हतं.

‘‘कोनता? विहिरीचा?’’ शेठजींनी विचारलं.

‘‘हव.’’

‘‘त्यात घोडा बिघडला व्हता माह्याच्यानं. मागचे पाय.’’

‘‘मले चांगला वाटला व्हता,’’ अंगुरीबाई म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या. रंगूबाईंनीही पुसले. हरीओमचे पट्टीखाली ओले झाले होते, पण पट्टीखाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही, हा त्या वेशाचा एक फायदा.

शेठजींनी मग फेट्यातला तुरा उपसला आणि डावीकडे खोचला. तुरा एका झटक्यात जागेवर बसला.

दुसऱ्या दिवशीचा सत्कार जसा व्हायचा तसाच झाला. पुण्याची गाडी रस्ता चुकून मेडशीऐवजी आधी मालखेड नावाच्या भलत्याच गावाकडे गेली. ‘शासकीय शिबिर’ ऐकून पंधरा शेतकरी कागदपत्रं घेऊन आले होते, त्यांची समजूत घालता घालता हरीओमचा घसा बसला. सरपंचांनी भाषणात सोयाबीनचा भाव घेतला आणि चित्रकथा शेवटच्या वाक्यात उरकली. दिवस मावळायच्या आत जैन घरचं जेवण उरकायचं म्हणून अंगुरीबाईंनी पाहुण्यांना भाषणांच्या मधूनच उठवून नेलं. शेठजी ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले, पण एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. शाल अंगावर घेऊन ते नुसते उभे राहिले, आणि योगिनीताईंसह चौघं पुणेकर आपापले जीर्ण अंक छातीशी धरून टाळ्या वाजवत राहिले. संध्याकाळी दुकानात, पुडीच्या कागदावर, भाव लिहायच्या ब्रशनं, शेठजींनी प्रत्येकाला एकेक घोडा काढून दिला. मागचे पाय जरा वेळ लावून काढले. पुनीत बाजूला बसून पाहत होता आणि गिऱ्हाईक परत जात होतं.

हरीओमना एकच रुखरुख राहिली. त्या दिवशी रागाच्या भरात निसटलं ते सोडलं तर, ‘मी काढलं’ असं शेठजी कुणासमोर म्हणाले नव्हते. कट्ट्यावरची माणसं फोन करत, तर ते म्हणत, ‘‘हो जी, थे जुनं झालं,’’ आणि फोन पुनीतकडे देत. चाळीस वर्षांची सवय एका शालीनं जात नाही, हे हरीओमना कळत होतं, तरी त्यांना ते लागे.

संक्रांतीच्या आधीच्या एका रविवारी ते पोहे घ्यायला म्हणून मेडशीला गेले होते. आताशा त्यांच्या घरी पोहे फार लागत. दुकानात गर्दी होती. गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली आणि मागोमाग आरोळी आली, ‘‘हट जाओ! शिलेदार आला!’’

जगदेव होता. या खेपेला फौजदार नाही. लाल अंगरखा, डोळ्यांवर काळी पट्टी, पाठीवर पिवळा शेला, झोळी वेगळी खांद्याला, आणि तुरा डावीकडे. हरीओमपेक्षा त्याला तो वेश शंभर पटींनी शोभत होता, हे हरीओमनाही मान्य करावं लागलं. विहिरीच्या भिंतीला पाय देऊन तो हवेतल्या हवेत असा चढला की बाजाराला आलेली माणसं थैल्या खाली ठेवून उभी राहिली.

आसेगावकडून तूर विकायला आलेली एक बाई दुकानाच्या पायरीवर होती. तिनं शेजारी उभ्या हरीओमना विचारलं, ‘‘हे कोनतं सोंग व्हय, भाऊ? असा देव तं आमच्याकडं नाई पाह्यला.’’

हरीओम तोंड उघडणार, तोच मागे गादी सरकल्याचा आवाज आला. शेठजी उभे राहिले होते. तागडी हातातच होती.

‘‘देव नाई, बाई,’’ ते म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल असं. ‘‘थो तांबडा शिलेदार हाये. म्या काढला त्याले. माह्या हातचा हाये थो.’’

आणि तागडीतली तूरडाळ, गिऱ्हाईकाची होती तरी, त्यांनी नेऊन जगदेवच्या झोळीत घातली.